कच्चे कैदी आत का राहतात? काळ्या कोटाचा वाटा किती?

रोजनामेवाला | रविवार, सकाळी ९.४०

तुरुंगांच्या गर्दीवर इथे आधीही धागे निघालेत. दर वेळी गाडी पोलिस, सरकार आणि न्यायाधीश या तीन स्टेशनांवर थांबते आणि परत फिरते. वकिलांचं नाव कुणी घेत नाही. म्हणून हा वेगळा धागा.

आधी आकडे. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे किंवा सुरूच झालेला नाही. आणि सगळ्या तुरुंगांची मिळून क्षमता किती? ४,३६,२६६. उद्या शिक्षा झालेला एकूण एक कैदी घरी पाठवला तरी तुरुंग भरलेलेच राहतील. आपल्या राज्यात तर दर पाच कैद्यांतले चार कच्चे.

मी कोर्टात बेंच क्लार्क होतो, आता निवृत्त. नोकरीभर रोजनामे, म्हणजे प्रकरणात त्या तारखेला काय झालं त्याच्या नोंदी, लिहिले. आरोपी जेलमध्ये असलेल्या प्रकरणांत हाताला सवय झालेली वाक्यं अशी: 'आरोपीस जेलमधून हजर केले नाही. आरोपीतर्फे वकील गैरहजर. सरकारतर्फे से दाखल नाही. पुढील तारीख.' ('से' म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं.) यातलं पहिलं वाक्य पोलिसांच्या खात्यावर टाका. दुसरं कुणाचं? आणि तिसरं? ते दोघेही काळा कोट घालूनच येतात.

माझं म्हणणं एवढंच. तारीख पडली की आरोपीचे पंधरा दिवस जातात, वकिलाचं काहीच जात नाही. ज्याचं काही जात नाही तो घाई कशाला करेल? वकिली पेशाने यातला आपला वाटा मान्य करायला हवा की नको?

---

खवचट काका | ९.५८

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं वाडवडील सांगून गेलेत.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

मीनल_२ | १०.१५

@खवचट काका, कच्चा कैदी पायरी चढत नाही हो. त्याला हाताला धरून चढवतात.

---

अ‍ॅड. तालुकेवाला | १०.५०

रोजनामेवाले साहेब, तुमच्यासारख्या जुन्या माणसाने असं लिहावं याचं नवल वाटलं. मी तालुक्याला फौजदारी बाजू चालवतो. दुसरी बाजूही लिहितो.

माझ्या हातात केस येते कधी? अटकेनंतर दुसऱ्या दिवशी, रिमांडच्या वेळी. आरोपी पिंजऱ्यात, बाजूला दोन हवालदार, आणि मला मिळतात पाच मिनिटं. तेवढ्यात नाव-गाव विचारायचं, रिमांड रिपोर्ट वाचायचा, पीसीआरला (पोलिस कोठडीला) विरोध करायचा. पीसीआर संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली की जामीन अर्ज टाकतो. कोर्ट लिहितं, 'सरकारपक्षाने से द्यावा'. तपासी अंमलदार बंदोबस्तात. आठवड्याने से येतो, त्यात तेच छापील: आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल, फरार होईल. ज्याच्या घराला धड दार नाही तो फरार होऊन जाणार कुठे, हे विचारायची सोय नाही. मग कोर्ट म्हणतं, चार्जशीट येऊ द्या.

आणि मॅजिस्ट्रेट जामीन का देत नाहीत, तेही बोला की. दिला आणि वर तक्रार गेली तर चौकशी त्यांच्यामागे लागते, नाकारला तर कुणी जाब विचारत नाही. चंद्रचूड साहेब सरन्यायाधीश असताना २०२२ मध्ये जाहीरपणे बोलले होते, की खालच्या कोर्टांत जामीन देण्याची भीती आहे. एवढं सगळं सोडून वकील दिसला होय तुम्हाला?

---

निवृत्त जेलमामा | ११.२०

मी तुरुंग खात्यात होतो. राजकारण नको, जे बघितलं ते लिहितो. मुलाखतीच्या खिडकीवर आई येते, बायको येते, पोरं येतात. वकील क्वचित. वकीलपत्रावर कैद्याची सही लागते, त्यावर जेलरचा शिक्का. तो कागद मुन्शी घेऊन येतो आणि परत नेतो. कित्येक कैद्यांनी आपल्या वकिलाचं तोंड कोर्टाबाहेर बघितलेलं नसतं. "तुझा वकील कोण?" विचारलं की सांगतात, "उंच आहेत, चष्मा आहे." नाव माहीत नसतं.

---

मीनल_२ | ११.३१

"उंच आहेत, चष्मा आहे." अरे देवा.

---

रोखठोक_ठाणे | ११.४५

मला या धाग्याचा सूरच पटला नाही. आमच्या सोसायटीत घरफोडी झाली, पकडलेला पोरगा महिनाभरात बाहेर. वकिलानेच सोडवला ना? वकील लोक गुन्हेगारांना आत ठेवतात की बाहेर काढतात, आधी ते ठरवा.

---

रोजनामेवाला | दुपारी १२.१०

@रोखठोक, दोन्ही. ज्याच्याकडे बरा वकील आहे तो महिन्यात बाहेर येतो. त्याच कलमाखालचा दुसरा वर्षभर आत सडतो. दोघांची चार्जशीट बघितलीत तर फरक सापडणार नाही, वकीलपत्र बघितलंत तर सापडेल. त्याच २०२२ च्या अहवालात पाच वर्षांहून जास्त काळ आत असलेले कच्चे कैदी देशात अकरा हजारांवर होते. ते सगळे काही घरफोडे नव्हेत.

@तालुकेवाला, न्यायाधीशांबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं. मी तीस फुटांवर बसून बघितलंय. पण 'बाकीचेही दोषी आहेत' हे उत्तर नव्हे. आणि एक विचारतो, राग मानू नका. आरोपी सव्वा वर्ष आत आणि चार्जशीटची प्रत हातात असताना 'कागद बघायला मुदत मिळावी' असे अर्ज मी किती फाइलींना लावलेत, त्याचं काय?

---

सरकारी_वकीलीण | १२.४०

से दाखल नाही, या वाक्यातली ती मीच. म्हणून बोलते.

कायद्याने सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नाही, तो कोर्टाला मदत करणारा अधिकारी आहे. तपास तोकडा असेल तर तसं सांगायला आम्हाला कुणी अडवलेलं नाही. प्रत्यक्षात काय होतं? एका चोरीच्या प्रकरणात मी 'योग्य तो आदेश व्हावा' एवढंच लिहिलं. विरोध नाही, संमती नाही. संध्याकाळी बाररूममध्ये पहिला प्रश्न, "मॅडम, कितीला पटलं?" चेष्टेतच होता म्हणे. त्यानंतर मीही छापील विरोध लिहायला लागले, आणि माझ्या बरोबरीचे बहुतेक जण तेच करतात. विरोध केला तर तुमच्या सचोटीवर कुणी बोट ठेवत नाही. एका माणसाचे दोन-चार महिने गेले तर ते कुठल्याच नोंदीत माझ्या नावावर चढत नाहीत.

---

अ‍ॅड. तालुकेवाला | १२.५२

मॅडम, तुमच्या प्रामाणिकपणाला दाद. बाररूमबद्दल बोलत नाही, तिथे मीही बसतो.

---

बे एरियातला बंड्या | १.३०

इथे रात्र आहे, झोप येत नाही म्हणून टंकतोय. अमेरिकेत उलटी तऱ्हा. खटला रखडतो तसा उरकतोही. नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षा प्ली बार्गेनवर होतात, म्हणजे खटला चालतच नाही. सरकारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, दोन वर्षं घे. खटला लढवलास आणि हरलास तर पंधरा मागेन. बेलचे पैसे नसलेला माणूस कबूल करून मोकळा होतो. १९६३ च्या गिडियन निकालाने गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळायला लागला खरा, पण लुइझियानासारख्या राज्यात त्या वकिलांचं ऑफिस बरंचसं ट्रॅफिकच्या दंडांवर चालतं. लोकांनी गाड्या नीट चालवल्या तर आरोपींच्या वकिलांचे पगार अडचणीत! जगात सगळ्यात जास्त माणसं कोंडणाऱ्या देशांतला हा एक, आणि त्यातला मोठा वाटा निवडून आलेल्या जिल्हा सरकारी वकिलांच्या टेबलावर ठरतो असं इथले अभ्यासकच म्हणतात.

रच्याकने (जाता जाता), आपल्याकडेही प्ली बार्गेनिंग २००६ पासून आहे ना? वापरतं का कुणी?

---

अ‍ॅड. तालुकेवाला | १.४४

आहे, आणि जवळपास कुणीच वापरत नाही. आपल्याकडे त्याची वेगळी आवृत्ती चालते. आरोपी जेवढा काळ आत राहिला तेवढी शिक्षा पदरात पाडून घ्यायची आणि कबुली द्यायची. 'भोगली तेवढी शिक्षा'. पोरगं घरी येतं, डाग मात्र कायमचा. हा सल्ला देणारे वकीलच असतात, मीही दिलाय. पुढची तारीख तीन महिन्यांनी आणि बाहेर त्याची आई उभी, अशा वेळी दुसरं काय सांगणार?

---

कोल्हापुरी रस्सा | २.२०

काय राव, वकिलांना धोपटायला सगळे एकत्र! तांबडा-पांढरा झाला, आता बसलोय निवांत.

इथल्या वकिलांनी किती वर्षं कामकाजापासून अलिप्त राहून खंडपीठाची मागणी लावून धरली, कुणाला आठवतंय का? १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. आधी सावंतवाडीच्या माणसाचा जामीन सेशनला नाकारला की मुंबई. मुंबईतला वकील, त्याची फी, कागदपत्रं, एसटी. गरीब माणूस तिथंच हात टेकायचा. आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचं काम हितं चालतंय. हे वकिलांच्या लढ्यानं मिळालं, लिहून ठेवा.

---

रोजनामेवाला | २.४५

@कोल्हापुरी रस्सा, बेंच मिळालं ते उत्तमच, मनापासून अभिनंदन. पण अलिप्त राहण्याच्या दिवसांत कोर्टात काय व्हायचं ते सांगू का? कोठडी वाढवायचं काम थांबत नसे, त्याला आरोपीचा वकील लागत नाही. जामिनाचं थांबे. सुप्रीम कोर्टाने हरीश उप्पल प्रकरणात, २००२ साली, वकिलांना संपाचा अधिकार नाही असं स्पष्ट सांगितलंय. तरी ठराव होतात. बाहेरचे पक्षकार चरफडत घरी जातात. आतल्याला तर ठराव झाल्याचंही कळत नाही.

---

कोल्हापुरी रस्सा | २.५८

बरोबर आहे तुमचं. पण संप नसता तर बेंच आलं असतं का, याचं उत्तर द्या की.

---

खवचट काका | ३.०५

जावई आणि वकील, दोघांचाही मान राखावा लागतो. जावई निदान दिवाळसणाला एकदाच येतो. हलके घ्या.

---

कायद्याची_पोरगी | ३.४०

लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. वकिलांनी केलेलंही कुणीतरी लिहा ना, म्हणून मीच लिहिते.

१९७९ चं हुसैनआरा खातून प्रकरण. रुस्तमजी या माजी पोलिस अधिकाऱ्याने बिहारच्या तुरुंगांवर वर्तमानपत्रात लेख लिहिले. आत अशी माणसं होती, की त्यांच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा होऊ शकते त्याहून जास्त काळ ती खटल्याशिवाय आत होती. कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी ते लेख घेऊन सुप्रीम कोर्ट गाठलं. न्या. भगवतींच्या पीठाने जलद खटला हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला, आणि पुढे देशभरात सुमारे चाळीस हजार कच्चे कैदी सुटले.

आणि शाहिद आझमी. स्वतः तिहारमध्ये राहून आलेला, मग मुंबईत वकील झाला. दहशतवादाच्या खटल्यांतल्या गरीब आरोपींची वकीलपत्रं घ्यायचा. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यात त्याच्या ऑफिसात गोळ्या घालून मारलं. त्याचा अशील फहीम अन्सारी त्याच वर्षी मे महिन्यात २६/११ खटल्यातून निर्दोष सुटला.

उलट बाजूही आहे. कसाबचं वकीलपत्र घ्यायला वकील तयार नव्हते, कोर्टाने नेमलेल्या पहिल्या वकील बाईंच्या घरावर जमाव चालून गेला. अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असे ठराव बार असोसिएशन अजूनही करतात. असे ठराव बेकायदा आहेत, हे सुप्रीम कोर्टाने कोइमतूरच्या प्रकरणात २०१० मध्येच सांगून झालंय.

---

रोखठोक_ठाणे | ३.५५

कसाबला वकील दिला म्हणून काय झालं शेवटी? आपले पैसे गेले.

---

मीनल_२ | ४.०२

वकील दिला म्हणूनच फाशीवर कुणाला बोट ठेवता आलं नाही. आणि ११ जुलैच्या लोकल स्फोटांच्या खटल्यात काय झालं ते बघा. २००६ ची अटक, जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष सोडलं, तोवर त्यातला एक तुरुंगातच वारला होता. सुप्रीम कोर्टाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत घ्यायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. एकोणीस वर्षं.

कृपया कसाबवरून या धाग्याचा काश्मीर (न संपणारा वाद) करू नका. वेगळा धागा काढा.

---

लोकअभिरक्षक | ४.४५

हा आयडी उगाच घेतलेला नाही. मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात काम करतो. २०२२ पासून नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) ही पद्धत आणली. आधी खासगी वकिलांचं पॅनेल असायचं, आता पूर्णवेळ पगारी वकील, ज्यांनी खासगी फौजदारी काम करायचं नाही.

विधी सेवा कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या कुठल्याही माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती का असेना. म्हणजे कागदावर या देशात एकही कच्चा कैदी वकिलाविना नाही. मग लोक आमच्याकडे का येत नाहीत? त्यांच्याच शब्दांत, "फुकटचा वकील काय कामाचा". जमीन गहाण टाकतील, मंगळसूत्र मोडतील, पण खासगी वकील करतील. पॅनेलच्या काळात हा समज अगदीच निराधार नव्हता. फी तुटपुंजी आणि ती हातात यायला वर्ष, मग पॅनेलचा वकील आपलं खासगी काम आधी बघणार.

आता तालुकेवाले आणि रोजनामेवाले दोघांसाठी. मी जेलमध्ये जातो तेव्हा एक प्रकार वारंवार दिसतो: जामीन मंजूर, माणूस आतच. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जामीनदाराला हवा सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक, नाहीतर तहसीलदाराची सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला). पालावर राहणाऱ्या पारधी कुटुंबाने सातबारा आणायचा कुठून? आधीच १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेली जमात, गावात काही झालं की पहिली उचल त्यांचीच. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यरांनी १९७८ मध्ये हेच झोडपलं होतं. दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो जामीनदार म्हणून चालेना! आज इतक्या वर्षांनी माझ्या टेबलावर त्याच प्रकारच्या फाइली आहेत.

इथे वकिलाचा वाटा नेमका कुठे, ते सांगतो. जामीन मंजूर झाला की खासगी वकिलाच्या लेखी काम संपतं, ठरलेली फी तेवढ्याचीच असते. जामीनदार मिळेना म्हणून अट सैल करा, किंवा तूर्त रोख रकमेवर सोडा आणि जामीनदाराला चार आठवडे द्या, असा पानभराचा अर्ज लागतो. तो लिहायला अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासासाठी माणसं महिनोन् महिने आत बसलेली असतात.

---

अ‍ॅड. तालुकेवाला | ५.१०

हे मात्र टोचलं. बाकी सगळ्यावर भांडेन, यावर नाही.

---

शुभदा_के | ५.३०

नेहमी वाचनमात्र असते, पण लोकअभिरक्षक यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाची अगदी हीच केस. मोबाइल चोरीचा आरोप, जामीन होऊन महिना उलटला, अजून आत. वकील फोन उचलत नाही. वर म्हणतो, बाकी फी दिल्याशिवाय फाइल देणार नाही. मावशी रोज रडतात. काय करता येईल?

---

लोकअभिरक्षक | ५.५२

ताई, फाइलीची काळजी सोडा. फी बाकी आहे म्हणून वकील कागद अडवून ठेवू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच सांगितलंय. नकला कोर्टातूनही मिळतात.

मावशींना घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. ३१ जानेवारी २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे: जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने आम्हाला कळवायचं. महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. तरीही पैशांवर अडलं, तर केंद्राच्या गरीब कैद्यांच्या योजनेतून मदत होते. पण ती समितीमार्फत, वेळ लागतो. आधी अर्ज टाकू.

---

निवृत्त जेलमामा | ६.१५

सुटकेचा आदेश वेळेत जेलला पोचला पाहिजे, तेवढं बघा. मुंबईत आर्थर रोडला दाराशी जामीनपेटी असते, ती ठरावीक वेळी उघडतात. २०२१ साली एका सिनेनटाचा मुलगासुद्धा आदेश संध्याकाळी साडेपाचच्या आत पेटीत पडला नाही म्हणून आणखी एक रात्र आत होता. त्याची देशभर बातमी झाली. बाकीच्यांची होत नाही.

---

मीनल_२ | ६.२८

+१. आणि नवीन कायद्याचं काय? पहिल्यांदाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश शिक्षेइतका काळ काढला की सुटका, असं वाचलं होतं.

---

कायद्याची_पोरगी | ६.४५

हो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३६अ होतं, त्यात सरसकट अर्धा काळ. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने जुन्या कच्च्या कैद्यांनाही ते लागू केलं. मेख पुढच्या पोटकलमात आहे: एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर सुटका नाही. आणि एकच कलम लावलेली एफआयआर शोधून दाखवा! शिवाय जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे मुळातच वगळलेत.

---

रोजनामेवाला | रात्री ८.३०

दिवसभर वाचतोय. मूळ प्रश्नावर येतो.

सरकारी वकील बाईंनी लिहिलं की आरोपीचे गेलेले महिने त्यांच्या नावावर चढत नाहीत. लोकअभिरक्षकांनी लिहिलं की फी जामीन मंजूर होईपर्यंतचीच ठरते. मला जे म्हणायचं होतं ते या दोघांनी जास्त चांगलं सांगितलं. वकील वाईट असतात असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. पण रोजनाम्यात आरोपी गैरहजर, साक्षीदार गैरहजर हे लिहिलं की पुढे वॉरंट निघतं. वकील गैरहजर लिहिलं की नुसती तारीख पडते. आरोपी आत असेल तर निदान त्या प्रकरणात वकिलाच्या गैरहजेरीचं कारण लेखी मागावं आणि दर तिमाहीला त्याची यादी बारला पाठवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे.

---

अ‍ॅड. तालुकेवाला | ८.४८

मागा. पण शेजारच्या रकान्यात 'पोलिस पार्टी न मिळाल्याने आरोपी आणला नाही' याचीही यादी लावा आणि ती एसपींना पाठवा. नाहीतर आम्ही ठराव करू.

---

खवचट काका | ८.५१

अलिप्त राहण्याचा?

---

अ‍ॅड. तालुकेवाला | ८.५३

काका, तुम्ही झोपा आता.

---

शुभदा_के | मंगळवार, दुपारी ३.१०

काल प्राधिकरणात जाऊन आलो. अर्ज टाकला, आजच सुनावणी झाली. तूर्त रोख सात हजार आणि चार आठवड्यांत जामीनदार. पैसे उद्या भरतोय. जामीनदार माझे यजमान राहतील. खासगी कंपनीत नोकरी आहे, सातबारा वगैरे काही नाही. चालेल का?

---

लोकअभिरक्षक | ३.२५

चालेल. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आधार, रेशन कार्ड, कंपनीच्या ओळखपत्राची झेरॉक्स, दोन फोटो. मूळ कागद बरोबर ठेवा. उद्या पैसे जेवणाच्या सुट्टीच्या आत भरा, पावती घेऊन लगेच सुटकेचा आदेश मागा. दुपारनंतर गेलात तर तो जेलला परवाच पोचेल.